हिरव्या जाळीखालचा शेडमास्टर

ढाणकीच्या बाजारात कोणालेही विचारा, शेडमास्टर कुठं बसते? लोक बोट दाखवतील आणि दाखवता दाखवता हसतील. त्या हसण्याले तो इज्जत समजते. हा शेडमास्टर म्हणजे माझा धाकटा भाऊ युनूस. आपलेच दात आन् आपलेच ओठ, म्हणून मी आजवर गप राह्यली. आता नाही राहत. घरात आमची बोली हिंदी, बाजारात मराठी, आणि युनूसची अक्कल सांगाची तर बाजाराच्याच बोलीत सांगितलेली बरी.

मी खातूनबी. माझ्या पोरीचे, जेबाचे अब्बा गेल्यापासून त्यांचं मॅचिंग सेंटर मीच पाहते. साडीवर फॉल, अस्तर, ब्लाऊजपीस, असा माझा धंदा. रस्त्याच्या पल्याड, अगदी समोर, युनूसचं गाड्या रंगवाचं दुकान. म्हणजे सकाळी शटर उघडलं का पहिले तेच ध्यान दिसते. खुर्चीत बसलेलं, कानावर ब्रश खोवलेला, आणि चार रिकामटेकडे समोर घेऊन ग्यान वाटून राह्यलेलं.

शाळा त्यानं सोडली नाही, शाळेनंच त्याले सोडलं. मंग आमच्या अब्बानं त्याले उमरखेडले उकंडा पेंटरकडं ठेवलं. उकंडा दुकानाच्या पाट्या रंगवे. बिचारा भला माणूस. त्यानं पहिल्याच दिवशी तीन डबे समोर मांडले. लाल, पिवळा, निळा. म्हणलं, ह्या तिघांतून सारे रंग निघतात, पण तिघंही एका डब्यात आले का चिखल होते. युनूसनं पहिलं अर्धं ऐकलं. दुसऱ्या अर्ध्याच्या वेळी तो आरशात केस पाहत असन.

तेच अर्धं ग्यान घेऊन तो आजवर जगून राह्यला. चहाच्या टपरीवर बसते आणि सांगते, "लाल, पिवळा, निळा हे तीन बाप. बाकी सारी त्यांची औलाद. पिवळ्यात निळा टाका, हिरवा झाला. लालात पिवळा टाका, नारंगी झाला. पांढऱ्यानं रंग फिका पडते, काळ्यानं मरते." लोक माना हलवतात. आता हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण हे तर माझ्याकडं फॉल घ्यायले येणाऱ्या बायांलेही माहीत आहे, आणि त्यांच्यासाठी कोणी चहा मागवत नाही.

त्याची खरी कमाल पाहाची तर नानाजींच्या बैलांची गोष्ट ऐका. तेव्हा युनूस नवा नवा स्वतःचं दुकान टाकून बसला होता. पोळ्याच्या आधी शेतकरी बैलांची शिंगं रंगवून घ्यायले येत. नानाजी मोठे कास्तकार, त्यांची पांढरी जोडी म्हणजे गावाची शान. युनूस त्यांले म्हणते, "नानाजी, लाल-हिरवा तर सारेच लावतात. मी तुमच्यासाठी नवा रंग काढतो, अख्ख्या तालुक्यात कोणाजवळ नाही." आणि शहाण्यानं काय केलं? लाल डब्यात हिरवा ओतला. हिरवा म्हणजे पिवळा आणि निळा. म्हणजे तिघं बाप एका घरात आले. उकंडानं सांगितलेला चिखल झाला. तोच चिखल त्यानं नानाजींच्या बैलांच्या शिंगांले लावला आणि नाव ठेवलं चॉकलेटी.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली सारे बैल झगमग करत होते आणि नानाजींची जोडी शेणात शिंगं घालून आल्यावाणी उभी. लोक पोट धरून हसले. दुसरा कोणी असता तर तोंड लपवलं असतं. युनूस नानाजींले म्हणते कसा, "शेड बरोबर आहे. बैल पांढरे पडले, तिथं फसलं." नानाजी शांत माणूस. म्हणले, "असं का? मंग पुढच्या साली बैल बदलून आणतो, युनूसभाऊ." तेव्हापासून त्याचं नाव शेडमास्टर पडलं. नाचता येईना आंगण वाकडं, ही म्हण लोकांनी बनवली असन तेव्हा त्यांच्या समोर माझा भाऊच उभा असन.

मंग फ्लेक्स आले, पाट्यांचं काम गेलं आणि हा गाड्यांकडं वळला. ठोकलेला पत्रा दुसरा कोणी सरळ करून देते, युनूस त्याच्यावर जुन्या रंगाले जुळणारा रंग मारते. आता मोठ्या गावात मशीन आहे. गाडीचा रंग कोणता ते सांगा, मशीन बरोबर तेवढेच थेंब टाकून डबा हातात देते. उमरखेडचा दुकानदार त्याले दहादा म्हणला, माझ्याकडून बनवून ने. हा म्हणते, मशीनले काय डोळे आहेत? याले आहेत तेही कायले दिले, अल्लालेच माहीत.

आता ती जाळी. उन्हाळा आला का आमच्याकडं हिरव्या जाळीशिवाय आंगण दिसत नाही. दुकानासमोर जाळी, घरासमोर जाळी, कोंबड्यांवरही जाळी. ऊन आगीवाणी पडते, दुसरा इलाज नाही. पण जाळीखाली सारा उजेड हिरवा होते आणि हिरव्या उजेडात लाल रंग मेल्यावाणी पडून राहते. गुलाबी आणि बिस्किटी कपडा जाळीखाली सख्ख्या बहिणी दिसतात. म्हणून माझ्या दुकानाची पायरी मी भर मे महिन्यात उघडी ठेवते. बाया कुरकुर करतात, खातूनबी, चटका बसते. मी म्हणते, बसू दे, पण कपडा उन्हात धरून पाहा, मंगच फाडते. एकदा फाडलेलं अस्तर परत घेत नाही मी.

युनूसच्या दुकानावर तर दुहेरी जाळी. आत गेलं का माणूस तलावात बुडाल्यावाणी दिसते. मी त्याले कितीदा म्हणलं, अरे, रंग मिळवतो तिथं तरी जाळी मोकळी ठेव. तो म्हणते, "आपा, चिंध्या विकणाऱ्यानं मले रंग शिकवू नये." ठीक आहे बाप्पा, नाही शिकवत.

हे सारं मी हसून सोडून दिलं असतं. पण मंग त्याच्या हातात माझ्या जेबाचा रिश्ता आला.

जेबा माझी एकुलती एक. बी.कॉम. झालेली आणि गाडी चालवायले शिकलेली, लायसनवाली. तिची मंगनी महागावच्या फैजसोबत झाली होती. फैजच्या अब्बांचं ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान, घरासमोर बिस्किटी रंगाची गाडी. मंगनीच्या दिवशीच अब्बांनी शरबत पिता पिता सांगितलं, "आमच्या घरातल्या बाया गाडी चालवत नाहीत." जेबानं पडद्यामागून ऐकलं. रात्री फैजचा फोन आला, तू फिकीर नको करू, लग्नानंतर मी पाहून घेतो. पोरगा गोरापान, मऊ बोलणारा, मले खाला खाला करणारा. मले पसंत होता.

मे महिन्यात फैज मिठाई घेऊन आला, गाडी घेऊन एकटाच. माझ्या दुकानात, माझ्या डोळ्यासमोर, त्यानं चावी जेबाच्या तळहातावर ठेवली. म्हणला, "चक्कर मारून या, पाहू कसं शिकल्या ते." जेबाचा चेहरा फुलला. ती गेली आणि कापसाच्या जिनिंगच्या फाटकातून गाडी वळवताना मागचा डावा दरवाजा लोखंडी खांबाले घासून आली. पत्रा थोडासा आत गेला, रंग खरवडून निघाला. पोरीले खरचटलंही नाही. पण फैजचा चेहरा असा पडला का मले वाटलं, ह्यालेच लागलं.

"खाला, अब्बाले कळलं तर रिश्ता राहणार नाही," तो म्हणला.

जेबा म्हणली, "मी स्वतः सांगते ना त्यांले. चूक माझी आहे."

"नको. काही झालं तरी अब्बाले सांगू नका." त्यानं घरी फोन लावला, गाडीचा एसी बिघडला म्हणून सांगितलं, गाडी आमच्याकडं ठेवली आणि बसनं निघून गेला.

मी म्हणलं, गाडी उमरखेडले नेऊ, मशीनवर रंग बनवू. पण समोर शेडमास्टर बसला होता ना. भाचीचं काम बाहेर गेलं तर नाक कापलं जाते म्हणे त्याचं. म्हणला, "आपा, हा रंग म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ." जेबा मामूची लाडकी. ती म्हणली, राहू दे अम्मी, मामू करतीन.

पत्रा सरळ झाल्यावर यानं जाळीखाली डबा मांडला. पांढरा घेतला, त्यात पिवळा, चिमूटभर काळा. बिस्किटी रंग असाच बनते, तिथपर्यंत बरोबर होतं. काळ्यानं पिवळा हिरवट पडते, म्हणून वरून जरासा लाल टाकाचा असते. यानं लाल टाकला. पण जाळीखाली तर सारंच हिरवट. यानं आणखी टाकला. तरी हिरवट. आणखी टाकला. मी रस्त्याच्या इकडून पाहत होती. शेवटी मी उठली, गेली आणि म्हणलं, "अरे, एका पत्र्यावर लावून माझ्या पायरीवर तरी आण. उन्हात पाहू."

"ओल्या रंगाले ऊन दाखवत नसतात. धूळ बसते."

"मंग वाळल्यावर दाखव."

"वाळल्यावर काय पाहाचं आपा? हात कोणाचा आहे?"

हात कोणाचा आहे! तोच तर रोग होता. मी दोन शब्द बोलली असती, पण दुकानात गिऱ्हाईक आलं आणि मी परत फिरली. दुसऱ्या दिवशी दिवस मावळल्यावर फैज आला. संधीप्रकाशात दरवाजा चांगलाच दिसला. फैज म्हणला, "कमाल केली मामू," आणि गाडी घेऊन गेला. त्या एका वाक्यावर युनूस हप्ताभर फुगून फिरला.

पुढच्या जुम्याले महागावहून दावत आली. लग्नाची तारीख धराची, आणि नवरीच्या जोड्याचे कपडे पसंत कराचे म्हणून फैजच्या अम्मीनं जेबालेही बोलावलं. मी कपड्यांची थैली भरली. युनूसले न्या लागते, मामू आहे. जाताना जीपमध्ये मी त्याले सांगितलं, "तिथं गाडीचं नाव काढू नको." तो म्हणला, "मले काय येडा समजते?"

त्यांच्या आंगणातही हिरवी जाळी होती. त्याच जाळीखाली गाडी उभी, आणि फैजनं ती अशी लावली होती का डावा दरवाजा भिंतीकडं. ते पाहून मी समजली. पोरानं उन्हात दरवाजा पाह्यला होता आणि लपवून राह्यला होता. पण म्हणलं, चला, लपलं ते बरं. आज तारीख धरली जाऊ दे.

जेवण झालं. पुरुष आंगणात खाटेवर बसले, आम्ही बाया ओट्यावर कपडे पसरून. फैजच्या अब्बांनी पानदान काढलं आणि म्हणले, ईदनंतरची तारीख धरू. जेबानं खाली मान घातली. तेवढं झालं असतं तर सारं झालं होतं. पण युनूसच्या पोटात बिर्याणी गेली होती, आणि हप्ताभरापासून त्याची तारीफ कोणी केली नव्हती.

"भाईसाब," तो फैजच्या अब्बांले म्हणला, "तुमच्या गाडीत तुम्हाले काही फरक दिसते?"

मी खोकली. जेबानं माझा हात धरला. फैज पाणी आणायले उठला.

"कसला फरक?" अब्बा म्हणले.

"एक दरवाजा मी रंगवला आहे. कोणता ते सांगा. सांगितलं तर मी धंदा सोडून देतो."

"रंगवला? काहून?"

"ते मंग सांगतो, पहिले तुम्ही ओळखा." मूर्खाले अजूनही समजलं नव्हतं आपण काय बोलून बसलो ते. अब्बा उठले, गाडीभोवती फिरले, गाडी आन् भिंतीच्या मधल्या फटीतून वाकून पाह्यलं. जाळीखाली त्यांले काही दिसलं नाही. ते परत येऊन बसले असते. युनूसनं बसू दिलं नाही. "असं नाही भाईसाब, अशा अंधारात माझी कारागिरी काय दिसते. फैज, चावी दे." फैज देईना, तर खिडकीत ठेवलेली ती यानं स्वतःच उचलून आणली. लोक म्हणतात आ बैल मुझे मार. माझ्या भावानं गाडीत बसून ती स्वतःच्या हातानं रस्त्यावर, भर दुपारच्या उन्हात नेली.

दरवाजा गुलाबी होता. बिस्किटी गाडीले गुलाबी कुल्फीवाणी दरवाजा. रस्त्यानं जाणारा एक भाजीवालाही थांबून पाहू लागला.

सारे पाहत राह्यले. आणि युनूस, ज्यानं तो रंग बनवला, त्यानं दरवाज्याकडं पाह्यलं, गाडीकडं पाह्यलं आणि म्हणला, "दरवाजा बरोबर आहे. तुमच्या गाडीचाच रंग उडाला आहे, भाईसाब."

अब्बांनी त्याच्याकडं पाह्यलंही नाही. ते पोराकडं वळले. "फैज. दरवाजा काहून रंगवला?"

"ढाणकीले घासला, अब्बा."

"कोणी घासला?"

फैजनं ओट्याकडं पाह्यलं. मंग खाली पाह्यलं आणि म्हणला, "जेबानं. न विचारता चावी घेतली होती."

मी आजवर धंद्यात किती खोटं ऐकलं आहे. धुतल्यावर रंग जाणार नाही, हे तर मीच दिवसातून कितीदा ऐकते आणि कितीदा सांगते. पण त्या पोराचं तोंड, तोच मऊ आवाज, आणि ते वाक्य. माझी कानशिलं तापली. मी उठणार तेवढ्यात जेबा उठली.

"चावी माझ्या हातात कोणी ठेवली होती?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही. "अम्मीसमोर. सांगा ना."

"मले आठवत नाही," फैज म्हणला.

अब्बा म्हणले, "पाहा, मी पहिल्या दिवशीच म्हणलं होतं, बायांच्या हातात गाडी," आणि पुढं बोलत राह्यले. जेबा ऐकत नव्हती. ती खाली बसली. जोड्याचा कपडा तिनं नीट घडी केला, त्याच्यावर अस्तर ठेवलं, सारं माझ्या थैलीत भरलं. बोटातली अंगठी काढून फैजच्या अम्मीच्या समोर ठेवली. म्हणली, "अम्मी, चाल."

फैजची अम्मी रडायले लागली, थांबा म्हणली. अब्बा म्हणले, एवढ्याशा गोष्टीवरून? मी थैली उचलली आणि जेबाच्या मागं निघाली. बाहेर आलो तर युनूस अजून त्या भाजीवाल्याले समजावून राह्यला होता का कंपनीचा रंग उन्हानं कसा उडते.

जीपमध्ये मले रडू आवरलं नाही. वाटलं, याले चालत्या गाडीतून ढकलून द्यावं. तो गप बसला होता, आणि जन्मात पहिल्यांदा गप बसला म्हणून मी थोडी दया करणार होती. तर ढाणकीचं वळण आल्यावर म्हणते, "एक मात्र आहे आपा. फिनिशिंगले कोणी नाव ठेवू शकत नाही." जेबा खिडकीबाहेर पाहत होती.

रिश्ता तुटला. बाजारात आठ दिवस तेच. बाया फॉल घ्यायले येत आणि माझ्या चेहऱ्याकडं पाहत. काही म्हणल्या, पोरीनं थोडं दबून घ्याले पाहिजे होतं. मी त्यांचा कपडा फाडून हातात देई आणि पुढची कोण म्हणून विचारी. फैजचा एकदा फोन आला. जेबानं उचलला, ऐकला, "नाही" म्हणली आणि ठेवला.

आणि शेडमास्टर? तुम्हाले वाटन, शरमेनं दुकान बंद केलं असन. अहो, महिना नाही झाला तर टपरीवर त्याची नवी कथा सुरू. मी रस्त्याच्या इकडून माझ्या कानानं ऐकली. "मी तो दरवाजा मुद्दाम गुलाबी केला होता. पोराची पारख कराची होती मले. भाची आहे माझी, अशी कशी कोणाच्याही घरात देईन?" रिकामटेकडे माना हलवत होते. एकानं तर चहाही पाजला.

मी त्याच दिवशी संध्याकाळी त्याले घरी बोलावलं. ठरवूनच बोलावलं, का आज याले चांगला सोलून काढाचा. तो आला, हात धुवून ताटावर बसला आणि मी तोंड उघडाच्या आधीच जेबाले म्हणते, "सांग तुझ्या मायले. मी मुद्दाम केलं का नाही?" पण ते म्हणताना त्यानं वर पाह्यलं नाही. भाकरीचा तुकडा नुसता मोडत बसला. तेव्हा मले दिसलं, त्याच्या नखांत अजून तो गुलाबी रंग होता. इतके दिवस थिनरनं गेला नाही, का यानं काढला नाही, कोण जाणे.

माझी जेबा खोटं बोलत नाही. खोटं बोलता आलं असतं तर ती आज महागावले असती. ती मामूजवळ बसली, त्याच्या वाटीत डाळ वाढली आणि म्हणली, "हो मामू. मुद्दामच केलं तुम्ही."

युनूसनं मान हलवली, मोठ्या माणसावाणी. मंग नाक पुसलं आणि जेवायले लागला.

मी त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकली. शिव्या काय, उद्याही देता येतात.